बॅटरीजवळचा फ्यूज

गाडीत दणदणीत आवाज हवा, ही हौस आता पुणे शहरापुरती राहिलेली नाही. आमच्या मुळशी तालुक्यात पौड-पिरंगुटच्या रस्त्यावर संध्याकाळी उभे राहा, गाडी दिसण्याआधी तिचा धमधमाट छातीत जाणवतो. माझ्या भाच्यानेही ओव्हरटाइमच्या पैशातून ५०० वॅटचा अँप्लिफायर आणि सबवूफरची पेटी आणली. हौसेला माझी ना नाही. कष्टाचा पैसा आहे, पोराने गाणी ऐकावीत. पण त्याच गाडीच्या मागच्या सीटवर माझी बहीण नातीला मांडीवर घेऊन बसते. म्हणून मी बॉनेट उघडायला लावले.

"मामा, फ्यूज आहे की! अँप्लिफायरला कंपनीनेच बसवलाय."

"तो अँप्लिफायरला सांभाळतो. बॅटरीपासून डिकीपर्यंत पाच मीटर वायर गेलीय, तिला कोण सांभाळणार?"

वाचकांनी हे नीट समजून घ्यावे. घरातला ५०० वॅटचा मिक्सर २३० व्होल्टवर जेमतेम दोन-सव्वादोन अँपिअर ओढतो. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. तिथे तेवढ्याच कामाला ४० ते ५० अँपिअर लागतात. घरकामातून उरलेली वायर इथे चालत नाही, ती तापते. आम्ही १६ चौरस मिलिमीटरची अस्सल तांब्याची वायर घेतली. बाजारात अॅल्युमिनियमवर तांबे चढवलेली स्वस्त वायर मिळते, ती घ्यायचीच तर आणखी जाड घ्यावी लागते.

आता मुख्य गोष्ट. ही वायर इंजिनाच्या बाजूने पत्र्याच्या भोकातून आत येते. ताम्हिणी घाटात गाडी हादरते, पत्र्याची धार वायरीचे आवरण हळूहळू कापते. तांबे पत्र्याला टेकले की बॅटरी शेकडो अँपिअर ओतते आणि आवरण पेट घेते. डिकीतला फ्यूज तेव्हा काही करू शकत नाही, कारण करंट त्याच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून ६० अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात बसवला, आणि भोकात रबरी बुश घातला. हे सगळे बॅटरीची मायनस वायर आधी काढून ठेवून. फ्यूज उडाला तर त्याच आकड्याचा घालायचा, तार गुंडाळायची नाही, हेही बजावले.

अर्थिंगची वायर तितकीच जाड घेतली, आणि रंग खरवडून उघड्या पत्र्यावर बोल्टने आवळली. पेटी डिकीत नुसती ठेवली होती. जोरात ब्रेक लागला तर ती सीटवर आदळेल, म्हणून तीही पट्ट्यांनी जखडली. गेनचे बटण म्हणजे आवाजाचे बटण नव्हे, आवाज फाटू लागायच्या आतच ते थांबवायचे, हे मात्र त्याला दोनदा सांगावे लागले.

इंजिन बंद ठेवून तासभर वाजवले तर सकाळी धक्का मारायला शेजाऱ्यांना बोलवावे लागेल. रात्री दहानंतर ज्यांची झोप मोडली, ते येतील की नाही, ते त्याने बघावे.