मिस्त्रींचा अल्टरनेटर आणि माझी फाईल



मी बी.कॉम. माणूस. डेबिट-क्रेडिटपलीकडे यंत्रातलं काही कळायचं कारण नव्हतं. पण बँकेत ग्रामीण कर्जाचं टेबल मिळालं की माणूस विहीर, मोटार, म्हैस, बैल अशा सगळ्याच गोष्टींचा थोडाथोडा जाणकार होतो. आज एका अल्टरनेटरची गोष्ट सांगतो.

साल १९९३-९४. आपला आदिलाबाद जिल्हा तेव्हा एकच होता, त्याचे चार २०१६ मध्ये झाले. माझ्याकडे बेल्याकडची गावं होती. पैनगंगेच्या अलीकडे आंध्र, पलीकडे महाराष्ट्र, आणि मराठी दोन्ही काठांवर. गावात खांब होते, तारा होत्या, वीज मात्र आपल्या मर्जीने यायची. त्यामुळे ज्याला जमेल त्याच्या घरी एक बॅटरी असायची, बहुतेक ट्रॅक्टरमधून काढलेली. त्यावर बारा व्होल्टचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, भजनाचा माइक, लग्नातली ट्यूबलाइट. बॅटरी उतरली की ती सायकलच्या कॅरियरला बांधून नाहीतर एसटीच्या टपावर टाकून आदिलाबादला न्यायची, दुकानात ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी परत आणायची. चार्जिंगपेक्षा जाण्यायेण्याचा खर्च जास्त.

अशा एका गावात एक मिस्त्री होते. शिक्षण चौथी, पण ऑइल इंजिन आवाजावरून ओळखायचे. पाच हॉर्सपॉवरचं एक डिझेल इंजिन भाड्याने घेऊन त्यावर मिरची-हळदीचं कांडप चालवायचे. भाडं द्यायला सावकाराकडून शेकडा तीन रुपये महिन्याने पैसे उचलले होते, म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. घरातली चांदी सावकाराकडे पडलेली. हंगाम चार महिन्यांचा, व्याज बारा महिन्यांचं.

मिस्त्रींनी हायवेवरच्या भंगारवाल्याकडून अपघातातल्या कारचा अल्टरनेटर आणला. इंजिनला आठ इंची पुली, अल्टरनेटरला अडीच इंची, मध्ये व्ही-बेल्ट. इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेतं, म्हणजे अल्टरनेटर साधारण ४८००. अँगलची चौकट वेल्डिंग करून घेतली आणि बेल्ट ताणायला एक लांब खाचेची पट्टी ठेवली.

मी पाहणीला गेलो तेव्हा जाड वायर बॅटरीच्या प्लसला होती, अल्टरनेटरचं अंग मायनसला. तिसरी एक बारीक वायर बटणातून आणि छोट्या बल्बातून अल्टरनेटरला गेली होती. मी विचारलं, "मिस्त्री, हा बल्ब कशाला?"

"साहेब, हे जुन्या डायनमोसारखं नाही जी. ह्याले आधी जरा खाऊ घालाव लागते, मंग हे दूध देते."

मला ते तेव्हाच पटलं. आतल्या फिरत्या भागाला चुंबक बनवायला थोडा करंट बाहेरून, म्हणजे बॅटरीतूनच, द्यावा लागतो. तो त्या बल्बातून जातो. अल्टरनेटर वीज करायला लागला की बल्ब विझतो. पूर्ण उतरलेली बॅटरी लावली तर काही केल्या सुरुवातच होत नाही. आमच्या भाषेत बीजभांडवल! पुढे आतला रेग्युलेटर व्होल्टेज चौदाच्या आसपास धरून ठेवतो, म्हणजे बॅटरी भरते पण उकळत नाही.

कर्ज मागितलं होतं स्वतःचं इंजिन, कांडप आणि हा चार्जिंगचा सेट यासाठी. आयआरडीपीमध्ये ग्रामीण कारागिराला एक तृतीयांश सबसिडी होती. इंजिन आणि कांडपाचं डीलरचं कोटेशन आलं. अल्टरनेटरचं कुठून येणार? वरच्या कार्यालयातून फाईल शेरा घेऊन परत आली: 'मेक, मॉडेल व कोटेशन जोडावे, अन्यथा ही बाब वगळावी.' वगळली की वर्षाचे आठ महिने हप्ता भरायला उत्पन्नच दिसत नव्हतं, म्हणजे अख्खी फाईलच पडणार होती. आणि चांदी सावकाराकडेच.

मी एक रविवार तिथे काढला. ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिकवाल्याचा हायड्रोमीटर आणि खुणा केलेली डिझेलची बाटली घेऊन गेलो. उतरलेल्या तीन बॅटऱ्या शेजारी-शेजारी जोडल्या. मीटरवर एकूण पंचवीस अँपिअरच्या आसपास. सहा तासांत हायड्रोमीटर ११६० वरून १२५० वर आला. नुसत्या चार्जिंगसाठी इंजिन चालवलं तर सव्वातीन लिटर डिझेल गेलं. दहा रुपयांप्रमाणे तीन बॅटऱ्यांचे तीस रुपये यायचे, त्यातले वीस-बावीस डिझेललाच. हाती काय उरणार?

पुढच्या आठवड्यात कांडप चालू असताना तेच केलं. इंजिन तर फिरतच होतं, चार्जिंगचं जास्तीचं डिझेल जेमतेम लिटरभर. कॉलेजात मार्जिनल कॉस्ट पाठ केली होती, ती त्या दिवशी डोळ्यांनी पाहिली. कांडपाच्या दिवसांत अल्टरनेटर जवळजवळ फुकट कमावतो आणि कांडप बंद असलेल्या दिवसांत थोडं का होईना घरात आणतो. एकट्या कांडपावर हप्ता निघत नव्हता, एकट्या बॅटऱ्यांवरही नाही. दोन्ही मिळून निघत होता.

नोट नव्याने लिहिली. इंजिन आणि कांडप बँकेच्या कर्जातून, अल्टरनेटरचा सेट कर्जदाराचा स्वतःचा हिस्सा म्हणून. तो त्यांनी आधीच घातलेला होता, मी स्वतः पाहिलेला होता, मग कोटेशन कशाला? दोन्ही दिवसांचे आकडे खाली जोडले आणि सही केली. महिन्याभरात मंजुरी आली. मिस्त्रींनी पहिलं काम केलं ते चांदी सोडवायचं. त्यासाठी पाहुण्यांकडून हातउसने घेतले, बँकेच्या पैशाला हात लावला नाही.

पुढे पुष्य अमावास्येला केसलापूरची नागोबाची जत्रा आली की आठ दिवस आधीपासून त्यांच्या शेडमध्ये बॅटऱ्यांची रांग लागायची. भिंतीवर खडूने लिहिलेलं होतं: 'बिडी बाहेर'. बॅटरी भरताना हायड्रोजन निघतो, एक ठिणगी पुरते. इंजिन चालू असताना बॅटरी सोडायला कुणालाच परवानगी नव्हती, तसं केलं की व्होल्टेज उसळून आतले डायोड जातात. प्लस-मायनस उलटं झालं तरी तेच. एका हुशार भाच्याने एकदा ते करून दाखवलं, त्या महिन्याचा हप्ता उशिरा आला.

हप्ते मागेपुढे झाले, पण तीन वर्षांत खातं बंद झालं. नंतर वीज बरी झाली, इन्व्हर्टर आले, आता तर छपरावर सोलर आहे. शेवटचा हप्ता भरायला आले तेव्हा मिस्त्रींनी पावती दोनदा वाचून घेतली, नीट घडी करून खिशात ठेवली आणि विचारलं, "साहेब, वेल्डिंग मशीनले किती देता जी?"

मंडळी, तुमच्या गावात बॅटरी कोण भरून द्यायचं? आठवत असेल तर खाली नक्की लिहा.