सिल्वासातले वाल

सिल्वासा म्हटलं की आपल्या मंडळींना २ ऑगस्ट १९५४ आठवतो. सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे त्या मुक्तिलढ्यात होते, हेही ठाऊक असतं. पण ते सगळं त्यांनी कसल्या पावसात केलं असेल, याची कल्पना मला १९८९ साली बदली होऊन इथे आल्यावर आली. वर्षाला २,००० मिलिमीटरच्या वर पाऊस!

पुढे इथेच घर बांधलं. मागे जेमतेम अर्धा गुंठा जागा सुटली. मी कॉमर्सचा माणूस, बाग सौभाग्यवतींची. तिचं माहेर अलिबागकडचं. कामाला येणाऱ्या वारली मावशींनी पहिल्याच मे महिन्यात सांगून टाकलं, "साहेब, इथे पाणी घालायची काळजी नाय, पाणी काढून द्यायची करा." म्हणून आमचे वाफे अजून वीतभर उंच, मधून चर. मृगाच्या आधी भेंडी, काकडी, दोडकी लावायची, वेल मांडवावर चढवायचे. जुलैत पालेभाजीचं नाव काढू नये, कुजते. माजतो तो फक्त अळू. उन्हाळ्यात बोअरच्या पाण्यावर गवार, चवळी, माठ. त्यात सांगण्यासारखं विशेष नाही.

दसऱ्यानंतर मेथी, मुळा, वांगी असतातच, पण आमच्याकडे मान वालाचा. आमची पहिली बदली झाली तेव्हा सासूबाईंनी हिला बरणीभर कडवे वाल बियाण्याला दिले होते. त्यानंतर प्रत्येक बदलीत सामान ट्रकमध्ये आणि ती बरणी हिच्या मांडीवर. भाड्याच्या घरात कंपाउंडच्या कडेला, कुंडीत, जिथे जमेल तिथे हिने ते पेरले. कारण वाल नुसते ठेवून चालत नाहीत. राखेत घोळवले तरी कधीतरी भुंगा लागतो, उगवण जाते. मुदत ठेवीसारखं दरवर्षी रिन्यू करावं लागतं, बघा. (ही उपमा हिला अजिबात आवडत नाही.)

इथल्या पहिल्या हिवाळ्यात हायवेने वलसाडकडे जाताना उंबाडियुंचे ठेले दिसले. मडक्यात पाला, वालपापडी, कंद भरून मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. ही गाडीतच ओरडली, "अहो, ही तर आपली पोपटी!" त्या दिवसापासून सिल्वासा हिला परकं वाटलं नाही. दर जानेवारीत आमच्या मागच्या अंगणात मडकं लागतं. शेजारचे गुजराती त्याला उंबाडियुं म्हणतात, आम्ही पोपटी म्हणतो. भांबुर्ड्याचा पाला मावशी आणतात.

आता मी चौऱ्याहत्तरचा. हिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. खुर्चीवर बसून ती सांगते, मी खुरपतो. मुलाने ठाण्यात चौदाव्या मजल्यावर आमच्यासाठी खोली तयार ठेवलीय. त्याचं चुकतंय असं नाही, रात्री-अपरात्री दवाखाना जवळ हवा. संक्रांतीनंतर जायचं ठरलंय.

हिने त्यावर वाद घातला नाही. फक्त दसऱ्याला बरणी काढून वाल सुपात ओतले, दोन वाटण्या केल्या. एक मावशींना दिली. त्यांचं भात कापलं की त्याच शेतात, जमिनीतल्या ओलीवर पेरतील. तिथली पोपटी बघायला आम्ही इथे नसू, हे कोणी बोललं नाही. दुसरी वाटणी पुन्हा बरणीत गेली.

मुलाला मी फोन करून सांगितलंय, सोसायटीत विचारून ठेव, गच्चीवर कुंड्या ठेवू देतात का.