चष्म्याचे डॉक्टर

आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डोळे तपासणाऱ्या गृहस्थांना सगळे ‘चष्म्याचे डॉक्टर’ म्हणत. कागदोपत्री ते नेत्रचिकित्सा अधिकारी. नंबर काढायचा, मोतीबिंदूवाले हेरून जिल्ह्याला धाडायचे, शाळांतल्या पोरांचे डोळे बघायचे, हे त्यांचं काम. आत्याला घेऊन मी गेलो तोही चष्म्यासाठीच. तिच्या उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीवरची रांजणवाडी हा विषय आमच्या लेखी जुना झाला होता.

लवंग उगाळून लावली होती, खजुराची बी झाली, शेकही झाला. एका खासगी दवाखान्यात दोनदा चिरून काढली. निघालं ते तिथंच टाकून दिलं. बहुतेक रांजणवाड्यांना तेवढं पुरतंही. ही मात्र पुन्हा उगवायची. दुखत नव्हती, त्यामुळे साठी ओलांडलेल्या आत्यानं तिचा नाद सोडला होता.

चष्म्याच्या डॉक्टरांनी नंबर लिहिला आणि पेनाला टोपण लावता लावता विचारलं, “मावशी, ही गाठ दर वेळी ह्याच जागी येते?”

“जागा सोडतीय कुठं!” आत्या म्हणाली.

त्यांनी तिला खिडकीपाशी बसवलं, पापणी उलटी केली आणि मला जवळ बोलावलं. आतून पिवळसर, जाड झालेलं दिसत होतं. बाहेरच्या कडेला नेमक्या गाठीपुरते पापणीचे केस गेले होते. अलीकडे होते, पलीकडे होते, मधे मोकळं. मग त्यांनी कानाच्या पुढं आणि जबड्याखाली बोटं फिरवली. “गाठी लागत नाहीत, हे चांगलं. पण ही रांजणवाडी आहे असं धरून चालू नका. उद्याच जिल्ह्याला जा.” मागं रांग ताटकळली होती, कुणीतरी कुरकुरलंही. त्यांनी मान वर केली नाही.

पापणीच्या कडेला आतून तेलग्रंथींची ओळ असते. वरच्या पापणीत जास्त, खालच्या पापणीत कमी. एखादीचं तोंड बुजलं की तेल साचून रांजणवाडी होते. त्याच ग्रंथींतून कर्करोगही उठतो आणि सुरुवातीला हुबेहूब तिच्यासारखा दिसतो. कधी गाठसुद्धा नसते, नुसता एकच डोळा महिनोन्‌महिने लाल राहतो, थेंबांना दाद देत नाही. गोऱ्यांच्या मुलखात पापणीचा कर्करोग म्हणजे बहुतेक वेळा उन्हामुळे होणारा, संथ, क्वचितच पसरणारा. आपल्याकडे ह्या तेलग्रंथीवाल्याचं प्रमाण तिकडच्यापेक्षा पुष्कळ जास्त, आणि हा कानापुढच्या गाठींपर्यंत पोचतो. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी हातात फक्त चिठ्ठी होती: ‘त्याच जागी पुन्हा. केस झडलेले. तुकडा तपासावा. तेलग्रंथीच्या कर्करोगाची शंका.’

शेवटचं वाक्य त्यांनी अधोरेखित केलं होतं. तुकड्यावर नेहमीची प्रक्रिया करताना अल्कोहोलसारख्या द्रव्यांत त्यातली चरबी विरघळून जाते. चरबी रंगवून बघायची तर प्रयोगशाळेला तुकडा ताजा हवा, म्हणून संशय आधीच सांगावा लागतो. हे तुम्हाला कसं ठाऊक, असं मी पुढं कधीतरी विचारलं, तर म्हणाले, “जिल्ह्याच्या डॉक्टरीणबाईंनी एकदा झापलं होतं. तेव्हापासून.”

शंका खरी निघाली. परळच्या टाटा रुग्णालयात ऑपरेशन झालं, मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. गाठीभोवतीची चांगली दिसणारी पापणीही थोडी काढावी लागली, कारण हा रोग कधी कधी मधली जागा सोडून पलीकडे उगवतो. कडा स्वच्छ आहेत, असा निरोप प्रयोगशाळेतून आल्यावरच शिवायला घेतलं. वरची पापणी उभी केली ती खालच्या पापणीचा पट्टा वर ओढून. कटलर आणि बिअर्ड ह्या शल्यविशारदांनी 1955 साली मांडलेली रीत. पट्टा जीव धरेपर्यंत काही आठवडे डोळा बंदच ठेवायचा, मग मधून कापून उघडायचा. धर्मशाळेतल्या बायांना आत्या सांगायची, “माझा डोळा शिवून ठेवलाय, मुरायला.” नव्या पापणीला केस नाहीत. नजर शाबूत आहे.

ज्यांनी कापलं-शिवलं त्यांचे उपकार आहेतच, पण त्यांच्यापर्यंत आम्ही वेळेत पोचलो ते एका प्रश्नामुळे. चष्म्याच्या डॉक्टरांना हे बोलून दाखवायची सोय नाही, लगेच विषय बदलतात. आता ते निवृत्त झालेत. गेल्या दिवाळीत आत्या फराळाचा डबा घेऊन माझ्याबरोबर त्यांच्याकडे गेली. त्यांनी डबा बाजूला ठेवला, तिला उजेडाकडे तोंड करून बसवलं, पापणी उलटली, कानापुढं नीट चाचपलं आणि विचारलं, “मुंबईची तारीख चुकवली नाहीस ना, मावशी?”

“नाही चुकवली. हात धुवा आणि चकली खा,” आत्या म्हणाली.