ऑस्करच्या हाती लागलेला बुधला

नाव 'लिटल ब्राउन जग'. पण तो लहान नाही आणि तपकिरीही नाही. ५ गॅलन, म्हणजे जवळपास १९ लिटर पाणी मावेल एवढं पोट, आखूड मान, खांद्याला एकच कान. आपल्या लोणच्याच्या बरण्यांच्या कुळातला, चिनीमातीचा. मूळचा रंग फिकट, मातकट. आज अर्धं अंग मिशिगन विद्यापीठाचं निळं, अर्धं मिनेसोटा विद्यापीठाचं मरून, आणि त्यावर साल नि गुण रंगवलेले. अमेरिकेच्या कॉलेज फुटबॉलमध्ये चांदीचे करंडक पुष्कळ आहेत. मिशिगनचा चाहता म्हणून माझा जीव मात्र या बुधल्यात अडकलेला आहे.

त्याचा जन्म अविश्वासातून झाला. ऑक्टोबर १९०३ मध्ये मिशिगनचा संघ मिनेसोटाशी खेळायला मिनियापोलिसला गेला. प्रशिक्षक फील्डिंग योस्ट यांना यजमानांच्या पाण्याचा भरवसा वाटेना, असं सांगतात. त्यांनी संघाची व्यवस्था पाहणाऱ्या विद्यार्थ्याला दुकानात पिटाळलं. ३० सेंट देऊन त्याने हा बुधला आणला. पाहुण्याने यजमानाघरचं पाणी नाकारावं, एवढीच याची सुरुवात.

योस्ट यांचा तो संघ विलक्षण होता. १९०१ ते १९०५ या पाच हंगामांत ५५ विजय, एक हार आणि एक बरोबरी. ती एकुलती एक बरोबरी या सामन्यातली. ३१ ऑक्टोबरला अगदी शेवटी मिनेसोटाने ६-६ केलं आणि प्रेक्षक असे मैदानात घुसले की उरलेली मिनिटं खेळताच आली नाहीत. त्या रेटारेटीत पाहुणे निघून गेले आणि बुधला तिथेच राहिला.

तो सापडला ऑस्कर मन्सन या कर्मचाऱ्याला. त्याने तो क्रीडाविभागाचे प्रमुख एल. जे. कुक यांच्याकडे नेला. मग त्यावर अक्षरं उमटली: मिशिगनचा जग, ऑस्करने पकडला, तारीख अमुक. खाली गुण. मिनेसोटाचा ६ भला मोठा, मिशिगनचा ६ इवलासा! मला हा मजकूर फार आवडतो. बरोबरी होती, पण ती मिनेसोटाला केवढी वाटली, हे त्या दोन आकड्यांच्या उंचीत दिसतं. आणि करंडकावर कप्तानाचं नाही, प्रशिक्षकाचं नाही, सामान आवरणाऱ्या माणसाचं नाव आलं.

पुढची गाठ १९०९ मध्ये पडली. बुधला पणाला लागला. मिशिगनने सामना १५-६ असा जिंकून तो घरी नेला. तेव्हापासून तो जिंकणाऱ्याच्या घरी राहतो. मध्यंतरी मिशिगनच्या गावातून, ॲन आर्बरमधून, तो नाहीसाही झाला होता. १९३३ साली झुडपांमागे सापडला, म्हणतात. १९७७ मध्ये देशात पहिल्या क्रमांकावर असलेल्या मिशिगनला मिनेसोटाने १६-० असं हरवलं. २००३ मध्ये शेवटच्या सत्राच्या तोंडावर मिशिगन ७-२८ ने मागे होतं, तिथून ३८-३५. तो सामना आठवला की अजून माझे हात थरथरतात.

रीत अशी, की सामना संपताच विजेत्यांनी धावत जाऊन त्याला उचलायचं. तो दुसऱ्यांच्या बाकाशी असेल तर मैदान ओलांडून. २०१४ मध्ये आमच्याच स्टेडियममध्ये मिनेसोटाच्या पोरांनी ३०-१४ ने जिंकून त्याला असा उचलला. लाखभर माणसं मावणाऱ्या त्या स्टेडियममध्ये आनंद फक्त त्या बुधल्याभोवती होता. घरातलं माणूस परगावी निघाल्यासारखं मला झालं.

पुढच्या वर्षी सामना मिनियापोलिसला होता, आणि तारीख होती ३१ ऑक्टोबर. मिशिगन २९, मिनेसोटा २६. घड्याळात दोन सेकंद, चेंडू गोलरेषेपासून हातभर. एक किक मारली की तीन गुण, म्हणजे गुण पुन्हा बरोबरीत, १९०३ सारखे. मिनेसोटाने किक मारली नाही. क्वार्टरबॅक चेंडू घेऊन सरळ माणसांच्या भिंतीत घुसला, बाकीचे त्याच्या मागे रेटत. भिंत हलली नाही. शिट्टी वाजली आणि निळ्या जर्सीतली पोरं बुधल्याकडे पळत सुटली.