आमदारकीचा चार्ज

ग्रामसेवकाची बदली झाली की तो चार्ज देतो. कॅशबुक, पावतीपुस्तके, कर आकारणीची नोंदवही, अर्धवट कामांची मोजमाप पुस्तके, शिक्के, कपाटाच्या किल्ल्या, सगळ्याची यादी होते. देणारा आणि घेणारा दोघेही तिच्यावर सही करतात आणि एखादे दप्तर कमी निघाले तर देणाऱ्याला जाब द्यावा लागतो. तलाठ्याचे तेच, तहसीलदाराचेही तेच. त्याच गावाचा आमदार बदलतो तेव्हा मात्र कुणाच्या हातात काहीच पडत नाही. मावळते आमदार मतदारांचे आभार मानतात, ऋण फिटणार नाही म्हणतात आणि पाच वर्षांची पत्रे, अर्धेमुर्धे प्रस्ताव, मंत्र्यांच्या शेऱ्यांच्या झेरॉक्स कुठल्यातरी कपाटात जाऊन बसतात. लोकप्रतिनिधींची पत्रे, निवेदने, सभागृहातले प्रश्न आणि शेवटी निरोपाची भाषणे लिहून देणे हा माझा व्यवसाय. तो करता करता एक मत पक्के झाले आहे. मावळत्या लोकप्रतिनिधीची कृतज्ञता त्याच्या भाषणातल्या विशेषणांवरून कळत नाही. अपुऱ्या कामांची यादी तो मागे ठेवतो की नाही, यावरून ती कळते.

आमच्या हिमायतनगरपुरते बोलतो. जुनी माणसे अजून ज्याला वाढोणा म्हणतात ते हे गाव विधानसभेला हदगाव मतदारसंघात आणि लोकसभेला हिंगोलीत मोडते. जिल्हाधिकारी मात्र नांदेडला. पैनगंगेपलीकडची गावे यवतमाळ जिल्ह्यात, म्हणजे अमरावती विभागात. नदीवरचे एखादे काम काढले की कागद दोन जिल्ह्यांत आणि दोन महसूल विभागांत फिरतो. अशा तालुक्यात कोणता कागद कुठे पोचला हे कुणाच्या तरी लक्षात राहणे, हेच निम्मे काम असते. आता निवडणुकांकडे पाहा. हदगावातून २००९ साली माधवराव पाटील जवळगावकर, २०१४ साली नागेश पाटील आष्टीकर, २०१९ साली पुन्हा जवळगावकर आणि २०२४ साली बाबुराव कदम कोहळीकर निवडून आले. हिंगोली लोकसभेत याच सालांच्या चार निवडणुकांत सुभाष वानखेडे, राजीव सातव, हेमंत पाटील आणि आष्टीकर असे चार खासदार झाले. मतदारांनी आपला हक्क बजावला, त्यात वावगे काही नाही. पण वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वेमार्गासारखे काम २००८-०९ साली मंजूर होते आणि त्यावर वर्ध्याहून कळंबपर्यंत गाडी धावायला फेब्रुवारी २०२४ उजाडते. हदगावाकडे येणारा हा मार्ग एका कारकिर्दीत मावणारा नव्हताच. जी कामे माणसांपेक्षा जास्त टिकतात, त्यांचा हवाला देण्याघेण्याची रीत मात्र लोकप्रतिनिधींत नाही.

कुणी म्हणेल, फायली सरकारी कार्यालयात असतातच, आमदाराने वेगळी यादी कशाला द्यायची? हा आक्षेप कागदाचा प्रवास न पाहिलेल्या माणसाचा आहे. नाल्यावरच्या एका लहान पुलाचे उदाहरण घ्या. ग्रामपंचायतीचा ठराव येतो, त्याला आमदारांचे पत्र लागते, बांधकाम खात्याचा उपअभियंता अंदाजपत्रक करतो. दरसूची बदलली की ते नव्याने करावे लागते. मग काम बजेटला लागते किंवा पुरवणी मागण्यांत बसवले जाते. त्यापुढे प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मंजुरी, निविदा आणि कार्यारंभ आदेश. यातला प्रत्येक टप्पा फाइलवर दिसतो. काम का अडले ते पुष्कळदा दिसत नाही. पोचरस्त्याला जागा द्यायला कोण तयार नाही, वनविभागाची हद्द नेमकी कुठून जाते, कोणत्या टेबलावर कोणती त्रुटी निघाली आणि ती तोंडी सांगितली गेली, हे पाठपुरावा करणाऱ्यालाच ठाऊक असते. सभागृहातल्या प्रश्नाचेही तसेच. ‘हे खरे आहे काय’ असे विचारत सुरू होणारा प्रश्न ‘विलंबाची कारणे काय आहेत’ इथे येऊन थांबतो, आणि पुष्कळदा उत्तर येते, ‘अंशतः खरे आहे’. कोणता अंश खरा, हे शोधण्याचे काम त्या उत्तरानंतर सुरू होते. नेमकी तेव्हाच मुदत संपली, तर पुढचा माणूस पुन्हा पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो. सरकार बदलले की त्यात स्थगितीची भर पडते. २०२२ च्या जुलैमध्ये आधीच्या सरकारने मंजूर केलेली आणि अजून सुरू न झालेली अनेक कामे अशीच थांबवली गेली होती.

विधानसभेच्या सदस्यावर यादी ठेवण्याची जबाबदारी जास्त येते, कारण त्याला निरोपाची तारीख माहीत नसते. विधान परिषद कायमची असते. तिचे एक तृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी निवृत्त होतात, त्यांचा निरोप सभागृहात होतो, भाषणे होतात, आठवणी निघतात. विधानसभा विसर्जित होते, आणि राज्यघटनेच्या १९६ व्या अनुच्छेदाप्रमाणे तिच्यासमोरची प्रलंबित विधेयकेही तिच्याबरोबर व्यपगत होतात. शेवटच्या अधिवेशनात बोलणाऱ्या आमदाराला ते आपले शेवटचे भाषण आहे की नाही हे कळत नाही. सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांसारखे, अकरा वेळा निवडून येऊन २०१९ साली स्वतःहून थांबणारे, विरळा. बाकीच्यांचा निरोप मतमोजणीच्या केंद्रावर होतो, आणि तिथे आभाराशिवाय दुसरे काही बोलायची मनःस्थिती नसते. म्हणून यादी निरोपाच्या दिवशी करायची गोष्ट नाही. ती पहिल्या वर्षापासून ठेवायची वही आहे.

मोठे काम एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेले तरच तडीस जाते, याचा महाराष्ट्रातला सर्वांत ठळक दाखला रोजगार हमीचा आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळाने त्याची निकड साऱ्या राज्याला पटवली. १९७७ साली विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पागे तोवर सभापतिपदावरून उतरले होते. तरी योजना थांबली नाही, कारण ती प्रयोग, शासननिर्णय आणि कायदा अशा रूपात कागदावर पक्की बांधलेली होती. देशाला २००५ साली याच वळणाचा कायदा मिळाला. मराठवाड्यातल्या कितीतरी पाझर तलावांवर आणि विहिरींवर रोजगार हमीखाली मजुरांचे हात लागले.

सर्वांत जोरकस आक्षेप राजकारणातला आहे. आपण पाच वर्षे घासलेले काम विरोधकाच्या हाती द्यायचे आणि फीत त्याने कापायची? श्रेयाची भूक खोटी नसते, आणि ती नसलेला माणूस या क्षेत्रात टिकतही नाही. पण यादी दडवण्याने श्रेय वाचत नाही, उलट बुडते. तारीख आणि पत्रक्रमांकासह जाहीर केलेल्या यादीत पुलाचे पहिले पत्र कुणाचे, हे गावाला कायमचे कळते. दुसरा आक्षेप असा की नव्या आमदाराला नवा कौल मिळालेला असतो, जुन्याने त्याच्यावर आपली कामे का लादावीत? लादू नयेतच. नव्या माणसाने एखादे काम खुशाल सोडावे. मात्र त्याने ते माहीत असून सोडावे, आणि का सोडले ते सांगावे. तिसरा आक्षेप खासगीपणाचा आहे आणि तो मला पूर्ण मान्य आहे. दवाखान्याच्या मदतीची, घरच्या भांडणाची, नोकरीची पत्रे परक्याच्या हाती जाता कामा नयेत. ब्रिटनमध्ये पराभूत खासदाराला कार्यालय आवरण्यासाठी वेगळी मुदत मिळते. व्यक्तींची प्रकरणे त्यांच्या संमतीनेच पुढच्याकडे जावीत, असा तिथला शिरस्ता आहे. आपल्याकडेही व्यक्तीचा कागद व्यक्तीला परत द्यावा आणि रस्ता, पाणी, शाळा, वीज यांचा कागद गावाचा मानावा.

आणि ज्यांना वाटते की निरोप भावनेचा प्रसंग आहे, तिथे हिशेबाची वही उघडणे रुक्ष होईल, त्यांना भाषणे लिहिणारा म्हणून एवढेच सांगतो की ‘आपल्या प्रेमाने भारावून गेलो’ हे वाक्य कोणत्याही गावात, कोणाच्याही तोंडी चालते. म्हणूनच ते ऐकणाऱ्याला लागत नाही. ‘अमुक गावच्या पुलाचे अंदाजपत्रक झाले आहे, प्रशासकीय मान्यता बाकी आहे, अडचण जागेची आहे, कागद नव्या आमदारांकडे दिला आहे’ हे वाक्य मात्र त्या गावाला आपले वाटते. आपल्यासाठी हा माणूस नेमके काय करत होता, हे त्यातून कळते. माजी सदस्याला राज्य निवृत्तिवेतन देते. त्या पैशाच्या मोबदल्यात एवढी यादी मागणे जास्त होत नाही.

यासाठी कायदा होईपर्यंत थांबायचे कारण नाही. पुढच्या वेळी मावळते आमदार आभार मानायला येतील तेव्हा त्यांना हार घाला, आणि यादी मागा. ती नव्या आमदारांच्या हाती द्या, त्यांच्या सहीची पोच घ्या, आणि एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरात लावून ठेवा.