उजवीकडून अर्धा इंच वर

धडधाकट गाडीचं बूड वर उचलून घ्यायला माणूस पदरचे पैसे मोजतो, हे आमच्या आण्णांना शेवटपर्यंत पटलं नाही. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात त्यांचं पाट्यांचं काम होतं. ऊस, गूळ, जोंधळ्याची पोती वाहून वाहून ट्रकचे पाटे बसायचे, मागची बाजू रस्त्याला टेकायला यायची आणि मग गाडी आमच्या दारात उभी राहायची. यू-बोल्ट सोडायचे, पाटे एकेक करून सुटे करायचे, भट्टीत लाल करायचे, घणाखाली कमान द्यायची, तेलात बुडवायचे. त्या तेलाच्या धुराचा वास आईच्या वाळत घातलेल्या लुगड्यांनाही यायचा. गाडी उचलणं म्हणजे आमच्या लेखी दुरुस्ती. ओझ्यानं जे खाली गेलं ते होतं तिथं आणायचं, त्याच्यावर बोटभरही नाही. टॅक्सीचं काम असलं की शेवटी आण्णा डिकीवर दोन्ही तळवे टेकून जोरात दाबायचे आणि सोडून द्यायचे. गाडी वर यायची, जराशी खाली जायची, थांबायची. "दीड. जाऊ द्या," असं म्हणाले की बिल फाडायचं. झोका दोनाच्या वर गेला तर शॉकअप गेला म्हणून समजायचं.

1975च्या जानेवारीत मी डेट्रॉईटच्या वेन स्टेट विद्यापीठात शिकायला आलो आणि हॅमट्रॅमिकमध्ये एका घराच्या वरच्या मजल्यावर खोली घेतली. हॅमट्रॅमिक म्हणजे डेट्रॉईटच्या पोटातलं पोलिश लोकांचं चिमुकलं गाव, आणि गावाच्या टोकाला 'डॉज मेन' हा अवाढव्य कारखाना. पाळी सुटली की रस्ता डबेवाल्या माणसांनी भरून जायचा. मला गिरणगावच आठवायचं. मालकीणबाईंचा धाकटा त्याच कारखान्यात होता. मनातल्या मनात मी त्याला बंड्या म्हणत असे, इथंही तेच म्हणतो. त्याच्याकडं 1970 सालची प्लिमथ डस्टर 340 होती, नारिंगी रंगाची, पत्र्यावर डोळे वटारलेल्या धुळीच्या वावटळीचं चित्र. 340 म्हणजे इंजिनचे घनइंच. आठ सिलिंडर, कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे 275 अश्वशक्ती.

अशी गाडी कारखान्यातल्या पोराला परवडली कशी, तर ती तेव्हा कुणालाच नको होती म्हणून. 1973च्या ऑक्टोबरात अरबांनी तेल तोडलं, पुढच्याच वर्षी सगळ्या देशाला ताशी 55 मैलांचा लगाम बसला, आणि तरण्या पोराच्या नावावर मसल कार असली की विम्याचा हप्ता आवाक्याबाहेर जायचा. मालकांना त्या कधी एकदा अंगणातून जातील असं झालं होतं. बंड्यानं ती काही शे डॉलरांत उचलली.

त्या उन्हाळ्यात गल्लीतल्या निम्म्या गाड्यांचं बूड आभाळात आणि नाक जमिनीत होतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला प्रामाणिकपणे वाटलं की या लोकांचे पुढचे स्प्रिंग बसलेत. गोमाशी चावल्यावर शेपटी वर करून उधळणाऱ्या गाईसारख्या दिसायच्या त्या. खालून डिफरन्शियलचा गोळा बघ्यांना दिसावा म्हणून काहीजण त्याला पांढरा रंग फासत. मागं चकचकीत क्रोमच्या पाच आऱ्यांच्या क्रॅगर रिमा आणि पावरोटीसारखे रुंद टायर. खरं तर सगळ्या भानगडीचं मूळ त्या टायरात होतं. डस्टरच्या मागच्या चाकाला आत पाटा आणि बाहेर पत्रा अशी मोजकीच जागा. रुंद टायर घातला की जरा खड्डा आला की पत्र्याची कड त्याला कापायची. मग पत्रा वर न्यायचा. गंमत म्हणजे साठच्या दशकाच्या सुरुवातीला शर्यतीच्या 'गॅसर' गाड्या बरोबर उलट, नाकाकडून उचललेल्या असत, सुटताना वजन मागच्या चाकांवर पडावं म्हणून. दहा-बारा वर्षांत तऱ्हा उलटी झाली, तिचं कारण विचारायला कुणी थांबलं नाही.

1976च्या मे महिन्यात एका संध्याकाळी घरामागच्या बोळात बंड्यानं गाडी जॅकवर घेतली. हातात लांब शॅकल होत्या. पाट्याचा मागचा कान चेसीला जिथं लटकतो तिथला तो दुवा. मी जिन्यावर बसून बघत होतो आणि मला राहवलं नाही. म्हटलं, चार इंच जास्त लांब शॅकल लावलीस तरी गाडी दोनच इंच उठेल, कारण पुढचा कान जागचा हलत नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग टेप घेऊन गाडी खाली सोडली. दोनच इंच. तेव्हापासून गल्लीत माझी इज्जत वाढली. वेन स्टेटमधल्या एकाही परीक्षेनं ती इतकी वाढवली नव्हती.

उरलेली कसर त्यानं एअर शॉकनं काढली. म्हणजे शॉकअपलाच रबरी पिशवी, तिला बारीक प्लास्टिकची नळी, नळीचं तोंड नंबर प्लेटजवळ. पेट्रोल पंपावर फुकटची हवा मारायची, काटा 90 पौंडांवर गेला की गाडी हत्तीसारखी मागून उठायची. आता शॉकअपचं काम झोका मारण्याचं, वजन पेलण्याचं नव्हे. ज्या पट्टीला तो अडकवलाय ती पट्टी कधीही गाडीचा भार घेण्यासाठी केलेली नसते. हे मला माहीत होतं. बंड्यालाही माहीत होतं, तो त्याच गाड्या पाळीवर जोडत होता. तरी आम्ही दोघांनी मिळून ते शॉक बसवले.

मी आण्णांना एअरोग्रामवर सगळं लिहिलं, शेजारी चित्र काढून. महिन्यानं उत्तर आलं. खुशाली दोन ओळींत उरकून खाली लिहिलं होतं: शॅकल लांब केली की गाडी आडवी डुलते, मेन पाट्याचा कान फाटेल. शाफ्टचा कोन बदलला असेल, क्रॉस खाईल. पुढं स्टिअरिंग हलकं लागतं का ते बघ. रात्री दिवे कुठं पडतात? आणि शेवटी, "या गाडीत माल काय भरतात ते कळव."

शाफ्ट 50 मैलांच्या पुढं गुणगुणायचा. नाक खाली गेल्यामुळं पुढच्या चाकांचा मागं झुकण्याचा कोन कमी झाला होता, म्हणून सरळ रस्त्यावर गाडी देवीच्या पालखीसारखी इकडून तिकडं जायची. दिवे तर बंपरपुढं चार हातांवर पडायचे. आठ हजार मैलांवर बसून आण्णांनी गाडी न बघता बरोबर निदान केलं होतं. माल काय भरतात या प्रश्नाला मात्र मी कधी उत्तर दिलं नाही.

शनिवारी रात्री वुडवर्ड ॲव्हेन्यू. डेट्रॉईटच्या नदीकाठापासून उत्तरेला पॉंटिॲकपर्यंत गेलेला हा सरळसोट रस्ता. 1909 साली याच रस्त्यावर अमेरिकेतला पहिला मैलभर काँक्रीटचा रस्ता घातला होता. 1964ला पॉंटिॲक कंपनीची जीटीओ निघाली तेव्हा तिच्या चाचण्या आणि फुशारक्या दोन्ही इथंच चालत. 1976ला तो भर ओसरला होता, तरी स्क्वेअर लेक रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या 'टेड्स'मध्ये पोरं हॅम्बर्गर खात बसायची. एकदा तिथून निघताना सिग्नलला शेजारी एक शेव्हेल येऊन थांबली. दोघांनी एकमेकांकडं बघितलं, इंजिनं गुरगुरली. हिरवा दिवा लागला आणि मागून 'फुस्स' असा आवाज आला. प्लास्टिकची नळी तापलेल्या सायलेन्सरला चिकटून वितळली होती. डस्टरचं बूड सावकाश, अगदी मानानं, खाली बसलं. टायर पत्र्याला घासून रबराचा वास सुटला. शेव्हेलवाला हसला नाही. तो गाडी बाजूला घेऊन आला, त्याच्या डिकीत सुटी नळी होती. असं सगळ्यांचंच होत असे.

त्यानंतर बंड्यानं खरा इलाज केला. शर्यत सोडलेल्या कुणाकडून त्यानं क्रायस्लरचे जुने 'सुपर स्टॉक' पाटे आणले. ते बसलेले होते, म्हणून आम्ही ते पूर्व डेट्रॉईटमधल्या ट्रकच्या पाट्यांच्या एका दुकानात नेले. दार ढकललं आणि मी जागीच थांबलो. तीच भट्टी, तेच तेल, तोच धूर. घणाच्या जागी मशीन होतं, पण ऐरणीशेजारच्या भिंतीवर खडूनं लिहिलेले इंचांचे आकडे आमच्या दुकानातल्यासारखेच, एकावर एक गिरवलेले. म्हातारा कारागीर पाटे लावून बघत होता आणि मी बघत होतो की उजवा नि डावा जोडीचे नाहीत. उजव्याला कमान जास्त. आमच्याकडं हे नामुष्कीचं. बंड्याला कुणी फसवलंय असं मला वाटलं आणि मी तसं बोललोही.

म्हातारा वैतागला नाही. त्यानं स्क्रू ड्रायव्हर दोन बोटांत धरून फिरवला आणि दुसऱ्या हाताची पालथी मूठ एक्सलसारखी त्याच्यापुढं आडवी धरली. इंजिनचा पीळ शाफ्टवाटे एक्सलला येतो, तो उजवं चाक जमिनीवरून उचलू बघतो. हलकं झालेलं चाक जागच्या जागी फिरतं, धूर निघतो, गाडी जात नाही. म्हणून उजवा पाटा ताठ, चाकाला दाबून धरायला. पाट्याचा पुढचा भाग आखूड आणि क्लिपांनी आवळलेला, तोही त्याच कारणानं. "उभी असताना ही गाडी उजवीकडून अर्धा इंच वर दिसेल," तो म्हणाला, "दिसू दे." आण्णांना हे कळवलं तेव्हा त्यांचं उत्तर आलं की उसाच्या ट्रकचा डावा पाटा आधी बसतो, रस्त्याच्या उतारामुळं, म्हणून ते वर्षानुवर्षं डाव्याला चिमूटभर कमान जास्त देत आलेत, गिऱ्हाइकाला सांगत नाहीत इतकंच.

डॉज मेन 1980च्या जानेवारीत बंद झाला. बंड्या टेक्ससला गेला, डस्टर त्याआधीच गंजून संपली होती. मिशिगनच्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, पत्रा दहा वर्षं टिकला तर नशीब. प्लिमथ हे नावच 2001मध्ये बंद पडलं, पॉंटिॲक 2010मध्ये. मी मात्र इथंच राहिलो, नोकरी केली, निवृत्त झालो. मंडळाच्या गणपतीत निम्मी माणसं मोटार कंपन्यांतली असतात, सॉफ्टवेअरवर तासभर बोलतात. पाट्यांचा विषय काढला की प्रसादाची रांग आठवते त्यांना.

डॉज मेन होता त्या जागेला लागून असलेली पोलटाउन वस्ती उठवून जनरल मोटर्सनं 1985मध्ये कारखाना सुरू केला. आज त्याचं नाव 'फॅक्टरी झीरो' आहे आणि तिथं विजेवरची हमर बनते. तिच्यात एक बटण आहे. दाबलं की हवेच्या फुग्यांवर अख्खी गाडी जवळजवळ सहा इंच वर उठते, चारही बाजूंनी सारखी, आवाज न करता. नातवानं मला ते फोनवर दाखवलं. मी विचारलं, नळी कुठून नेलीय? त्याला प्रश्नच कळला नाही.

वुडवर्डवर आता दर ऑगस्टमध्ये ड्रीम क्रूझ असते. 1995 साली फर्नडेलमध्ये सॉकरच्या मैदानासाठी पैसे उभे करायला निघालेली ही टूम, आता लाखो माणसं लोटतात. 1919पासून गाड्या दुरुस्त करणारं बर्कलीतलं विन्सेटा गॅरेज 2012 पासून हॉटेल झालंय. जिथं ऑइल बदलायचे तिथं मॅक अँड चीज मिळतं, आणि सांगायला लाज वाटते पण चांगलं मिळतं. मी घडीची खुर्ची नि थर्मास घेऊन सकाळीच झाडाखालची जागा धरतो. गाड्या येतात त्या बहुतेक जमिनीला चिकटलेल्या. खाली कॉइलओव्हर, मोठ्या डिस्क, संगणकावर बेतलेले कोन. वळणावर त्या रुळावरून गेल्यासारख्या जातात. आमच्या डस्टरनं त्या वळणावर देवाचं नाव घ्यायला लावलं असतं. आजच्या गाड्या सगळ्या बाजूंनी चांगल्या आहेत, यात वादच नाही. फक्त त्यांच्यात कुणाची चूक दिसत नाही. आम्ही बोळात बसून जे केलं ते करायला आज कुणी धजणार नाही, कारण त्या काही शे डॉलरांच्या गाडीची किंमत आता पाच आकड्यांत गेली आहे. तिला भोक पाडायचं म्हटलं तरी मालकाचा हात थरथरेल.

गेल्या वर्षी मात्र एक शेपटी वर केलेली डस्टर दिसली. नारिंगीच. हल्ली सत्तरच्या दशकातलं ते गावठी रूप जसंच्या तसं उभं करायचं नवं वेड आहे. क्रॅगर रिमा नव्याकोऱ्या, पांढरा डिफरन्शियल, नंबर प्लेटजवळ हवेच्या नळीचं तोंडसुद्धा, पण नुसतं दिसायला. आत नळी नाही. काचेवर पाटी: कृपया हात लावू नये. मालक चाळिशीचा, गुडघ्यावर बसून टेपनं मागच्या बंपरची उंची मोजत होता, एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. दोन दुकानांत दाखवली म्हणाला, दोघंही सांगतात पाटे जोडीचे नाहीत, उजवा बदलून घ्या. पुढच्या आठवड्यात बदलणार होता.

मी काठी खुर्चीला टेकवली आणि गुडघ्यांची कुरकुर ऐकत खाली वाकलो. पुढचा भाग आखूड, क्लिपा आवळलेल्या, उजव्याला कमान जास्त. मी त्याच्याकडून स्क्रू ड्रायव्हर मागून घेतला, फिरवून दाखवला, दुसऱ्या हाताची मूठ त्याच्यापुढं आडवी धरली. त्याला दोनदा सांगावं लागलं. मग तो बराच वेळ टेपकडं बघत राहिला.

उठताना आधाराला म्हणून मी डिकीवर हात टेकला. दुसराही आपोआप शेजारी गेला. दाबलं, सोडलं. गाडी वर आली, जराशी खाली गेली, थांबली.

"दीड," मी म्हटलं.

तो काही बोलला नाही. मेण लावलेल्या नारिंगी पत्र्यावर माझे दोन तळवे उमटले होते, दहाच्या दहा बोटांसकट. त्यानं मागच्या खिशातून मऊ फडकं काढलं आणि आधी डावा पुसला.