काडतूस कुठे ठेवायचं?

काडतूस हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला. त्यांच्या 'कार्तुशु'चं आपल्या तोंडात काडतूस झालं. पिस्तूलही त्यांचंच. १९६१ साली पोर्तुगीज गेले, शब्द मात्र इथेच राहिले. आमच्या घरात शब्दाबरोबर वस्तूही होती. बाबांची बारा बोअरची जोडनळी बंदूक देवाच्या खोलीबाहेरच्या भिंतीवर खुंटीला टांगलेली असायची. परवाना होता पीकसंरक्षणाचा. सत्तरीत कुळागर आणि शेत असलेल्या घरांत अशा बंदुका नव्या नाहीत. निवडणूक आली की त्या पोलीस स्टेशनात जमा करायच्या आणि निकाल लागला की परत आणायच्या. लहानपणी मला निवडणुकीची चाहूल लागायची ती भिंतीवरच्या रिकाम्या खुंटीवरून.

२०२२ साली बाबा गेले. परवाना माणसाच्या नावावर असतो, त्यामुळे माणूस गेला की बंदूक घरात ठेवण्याचा हक्कही संपतो. शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणे ती लगेच पोलीस स्टेशनात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावी लागते. मी दुकानात जमा केली आणि वारस म्हणून अर्ज केला. बहिणीची ना-हरकत, प्रतिज्ञापत्र, फोटो, चौकशी हे सगळं यथासांग झालं. मी स्वतः सरकारी कचेरीत यूडीसी. दुसऱ्याच्या फाईली अडतात कशा हे मला ठाऊक आहे. आपली अडली की कसं वाटतं, तेही या निमित्ताने कळलं.

परवाना हातात आला तोपर्यंत २०२४ ची दिवाळी होऊन गेली होती. त्याच सुमारास आमच्या वाड्यावर चोरी झाली. मागचं दार उचकटून चोर आत शिरले आणि कपाटातलं सोनं घेऊन गेले. घरात माणसं झोपलेली होती. सकाळी सगळा वाडा त्या दाराशी जमला. तिथे मला चार जणांनी एकच गोष्ट ऐकवली, "तुझ्याकडे बाबांची बंदूक आहे ना? मग आणून ठेव घरात. आई एकटी असते."

आई एकटी असते हे खरं. मी नोकरीमुळे फोंड्याला राहतो आणि शनिवारी घरी येतो. मनाला ते वाक्य लागलं. पुढच्याच आठवड्यात रजा टाकून मी दुकानात गेलो.

दुकानदार म्हातारा, कमी बोलणारा. मी म्हटलं, "घराच्या रक्षणासाठी काडतुसं हवीत. कुठली घेऊ?" त्याने उलट विचारलं, "घर कसं आहे?" मला हा प्रश्न विचित्र वाटला. मग त्याने काउंटरवर काडतुसं मांडून मला शाळेतल्यासारखं शिकवलं.

बारा बोअर म्हणजे काय, तर एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक गोळी जिच्यात बरोबर बसेल ती नळी. काडतुसात मात्र साधारणपणे एक गोळी नसते, छर्रे असतात. आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आलेली 'शक्तिमान' छापाची काडतुसं पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातली. त्यांच्यावरची अक्षरं आणि आकडे छर्‍याचा आकार सांगतात. एलजी सगळ्यांत मोठा, सुमारे नऊ मिलिमीटरचा. तो काडतुसात जेमतेम सहा-सातच मावतो. एसजी त्याहून थोडा लहान, एका काडतुसात आठ-नऊ. मग बीबी. त्यानंतर आकडे सुरू होतात आणि आकडा वाढेल तसा छर्रा बारीक होत जातो. सहा नंबरचा छर्रा मोहरीपेक्षा थोडा मोठा. एका औंसात असे पावणेतीनशेच्या आसपास बसतात.

"मग एलजीच घेतो," मी म्हणालो. घराचं रक्षण करायचं तर मोठंच हवं, हा माझा हिशेब. दुकानदार म्हणाला, "सगळे तेच म्हणतात. आणि नेम धरावा लागत नाही, छर्रे पसरतात, असंही म्हणतात."

ते खरं नाही. छर्रे पसरतात, पण अंतर मिळालं तर. खोलीतल्या खोलीत, आठ-दहा पावलांत, सगळे छर्रे तळहाताएवढ्या जागेत जातात. म्हणजे नेम चुकला तर सगळाच बार चुकला. आणि तेवढ्या अंतरावर बारीक छर्राही एकत्र गोळा होऊनच लागतो, त्यामुळे तो काही सौम्य नव्हे. फरक पडतो तो पुढे. एलजी किंवा एसजी माणसाला चुकला तर प्लायवूडच्या आडोशातून, साध्या दारातून पार होतो आणि पलीकडेही जीव घेण्याइतका जोर त्याच्यात उरतो. उघड्यावर तर शंभर पावलांवरही तो धोक्याचाच. बारीक छर्‍याचा जोर लवकर ओसरतो. म्हणून शेजार जवळ असेल तर बारीक छर्रा बरा म्हणणारे आहेत, आणि त्याने समोरचा थांबेलच याची खात्री नाही म्हणणारेही आहेत. दोघांचंही म्हणणं बरोबर आहे, हीच यातली अडचण.

त्याने आणखी एक गोष्ट दाखवली. बाबांच्या बंदुकीची नळी मोजून तो म्हणाला, "ही जुनी आहे, पासष्ट मिलिमीटरच्या काडतुसाची. सत्तरचं घालू नका." गंमत म्हणजे सत्तरचं काडतूस तिच्यात सहज बसतं. काडतुसाची लांबी बार उडून तोंड उलगडल्यावरची धरतात. दुमडलेलं असताना ते आखूड दिसतं आणि आत जातं. चाप ओढल्यावर मात्र तोंड उलगडायला पुढे जागा नसते. मग दाब वाढतो आणि नळी फुटू शकते. सहज आत जातं म्हणून योग्य समजू नये, एवढं वाक्य मी डायरीत लिहून ठेवलं. कचेरीतही उपयोगी पडेल.

दोन दिवसांनी सांगतो म्हणून मी रिकाम्या हाताने घरी आलो. आणि खरोखरच घर कसं आहे ते बघायला लागलो.

बाहेरच्या भिंती चिऱ्यांच्या, दीड हात जाडीच्या. त्यांची काळजी नाही. पण माजघराची वाटणी मीच काही वर्षांपूर्वी प्लायवूडने केली होती, आणि त्या प्लायवूडच्या पलीकडे आईची खाट. मागच्या दाराच्या समोर, न्हाणीपलीकडे पंधरा पावलांवर चुलतभावाची पडवी. तिथे त्याची मुलगी रात्री अकरापर्यंत दिवा लावून अभ्यास करत बसते. मागच्या दारातून चोर येईल असं धरलं, तर मी बंदूक धरणार ती नेमकी त्या दिव्याच्या दिशेने. सोप्यात उभा राहिलो तर आईच्या खाटेच्या दिशेने. घरभर फिरलो. जिच्यामागे आपलं माणूस नाही अशी एकच दिशा सापडली, कोठीच्या खोलीची. चोर तिथेच यावा अशी व्यवस्था करणं कठीण.

कायदाही पाहिला. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. आत्मसंरक्षणाचा हक्क तिच्यात ३४ ते ४४ कलमांत आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी घरफोडी होत असेल तर हा हक्क समोरच्याचा जीव घेण्यापर्यंतही जाऊ शकतो. पण कलम ३७ ची मर्यादा त्याच्या डोक्यावर आहेच, रक्षणाला लागेल त्यापेक्षा अधिक इजा करायची नाही. दिवसा टेबलावर हे वाचताना सोपं वाटतं. अंधारात, झोपेतून उठलेल्या माणसाने हे मोजायचं कसं?

आणि मग मला ती रात्र आठवली. १९८९ चा पावसाळा. मी नऊ वर्षांचा. मध्यरात्री मागच्या अंगणात काहीतरी पडल्याचा आवाज झाला. त्या महिन्यात वाड्यावर भुरट्या चोऱ्या चालल्या होत्या. वीज गेलेली. बाबा उठले, बंदूक खुंटीवरून काढली आणि आईला म्हणाले, "काडतुसांची पेटी कुठे आहे?" आई कंदील घेऊन शोधू लागली. फडताळात नाही, पेटाऱ्यात नाही. बाबा दबक्या आवाजात चिडत होते. बाहेर पुन्हा आवाज झाला, कोणीतरी कडी चाचपत होतं. बाबा रिकामी बंदूक दाराकडे रोखून ओरडले, "कोण तो?"

"हांव रे, हांव!"

धाकटे काका होते. मुंबईहून येताना घाटात दरड कोसळल्यामुळे गाडी अडकली, शेवटचे काही मैल पावसात चालत आले, न्हाणीपाशी पाय घसरून पडले. दार उघडलं तेव्हा चिखलाने माखलेले होते आणि हसत होते. सगळे हसले. बाबा नाही हसले. ते बंदूक तशीच मांडीवर घेऊन सकाळपर्यंत सोप्यावर बसून होते.

त्या शनिवारी जेवताना मी आईला हे आठवून दिलं. म्हटलं, "बरं झालं, त्या रात्री पेटी सापडली नाही."

आई भात वाढता वाढता म्हणाली, "सापडली नाही कशाने? पदराखाली होती."

मी बघतच राहिलो. तीस-पस्तीस वर्षांत तिने हे कोणालाच सांगितलं नव्हतं. "ते काका आहेत हे तुला कळलं होतं?"

"छे. मला काय कळणार? आधी कोण ते विचारू दे, मग देईन म्हटलं."

बाबांना हे ठाऊक होतं का, असं विचारल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्यांनी नंतर कधी पेटीची जागा विचारली नाही."

मग मी तिला एलजी, एसजी, सहा नंबर सगळं समजावून सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "यातलं कुठलंही आणलंस तरी उडवणार कोण? तू शनिवारी येतोस. चोराला शनिवारचं सांगून ठेवू?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. परवाना माझा, बंदूक चालवायचा हक्क माझा, आणि मी आठवड्यातले पाच दिवस फोंड्याला. मी नसताना घरात भरता येण्याजोगी बंदूक आणि काडतुसं ठेवणं म्हणजे चोराला सोन्याबरोबर तीही देऊन पाठवणं. मी काडतूस निवडत होतो ते आईसाठी नव्हे. दाराशी जमलेल्या लोकांसमोर आपण काहीतरी केलं असं वाटावं म्हणून निवडत होतो.

काडतुसं मी घेतली नाहीत. बंदूक परवान्यासह दुकानदाराच्याच ताब्यात ठेवली आहे. वर्षातून एकदा जाऊन नळीला तेल लावून येतो, पावसात गंज लवकर चढतो. त्या पैशांत मागच्या दाराला आतून लोखंडी आडणा बसवला. वळचणीला दिवा लावला आणि त्याचं बटण आईच्या उशाशी आणलं. फोनमध्ये चुलतभावाचा नंबर आणि ११२ वर आणून ठेवले. दिवा लागला की चुलतभावाने उठायचं, असं ठरलं आहे.

हे पुरेसं आहे का? मला सांगता येत नाही. उद्या काही वाईट घडलं तर हेच चार जण म्हणतील, बंदूक असून आणली नाही. तेव्हा मान खाली घालून ऐकावं लागेल. पण परवा रात्री पाऊस असताना उशीर झाला, मी शुक्रवारीच घरी पोचलो, न कळवता. मागच्या अंगणात शिरलो आणि वळचणीचा दिवा लागला. आतून आईचा आवाज आला, "कोण तो?"

मी म्हटलं, "हांव."